राधेय की कौंतेय? : मराठी कर्णकथेतील जन्माचा प्रश्न

१

पुराणकथा आणि वीरकथा आधुनिक माणसाला काय शिकवितात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गौरवाच्या भाषेत विचारला जातो. रामाकडून वचनपालन, हरिश्चंद्राकडून सत्यनिष्ठा, कर्णाकडून दातृत्व अशी गुणांची यादी तयार होते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. परंतु कथा इतक्या सरळपणे काही शिकवीत नाही. एकच कथा वेगवेगळ्या काळांत पुन्हा सांगितली जाते, तेव्हा तिच्यातील काही प्रसंग ठळक होतात, काही पुसट होतात, तर काहींना मूळ संहितेत नसलेली समर्थने मिळतात. या फेरफारांतून सांगणाऱ्या समाजाची मूल्यव्यवस्था उघड होते. ती कशी उघड होते, हे मराठीतील कर्णकथेच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कर्णाची निवड करण्यामागे एक कारण आहे. नाशिकच्या वाचकाभोवती रामकथेचा भूगोल पसरलेला आहे. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा, रामकुंड ही त्याच्या रोजच्या येण्याजाण्यातील ठिकाणे. गावाच्या नावाचा संबंधही लोकपरंपरा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडते. तरीही पदव्युत्तर वर्गात आवडत्या पौराणिक नायकाविषयी विचारले असता उत्तर सहसा 'कर्ण' असेच येते, आणि त्यामागे बहुतेक वेळा एका कादंबरीचे वाचन असते. राम पूज्य आहे, कर्ण मात्र आपला वाटतो. हे 'आपलेपण' कोठून येते आणि ते वाचकाला कोणते मूल्यभान देते, हा येथील खरा प्रश्न आहे.

२

प्रथम महाभारताच्या संहितेकडे वळले पाहिजे. आदिपर्वातील शस्त्रपरीक्षेच्या प्रसंगी कर्ण रंगभूमीवर येतो, अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तत्काळ त्याला अंगदेशाचे राज्य देतो. इतक्यात वृद्ध अधिरथ तेथे येतो आणि अभिषेकाने ओले झालेले मस्तक कर्ण त्याच्या पायांवर ठेवतो. ते पाहून भीम त्याला हाती चाबूक घेण्याचा सल्ला देतो. यावर दुर्योधन जे बोलतो ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. वीराचे मूळ शोधू नये, अशी त्याची पहिली भूमिका आहे. त्याच भाषणात पुढे मात्र तो म्हणतो, की जन्मतः कवचकुंडले धारण करणारा असा तेजस्वी पुरुष सामान्य स्त्रीच्या पोटी येणे शक्यच नाही. म्हणजे पहिल्या विधानाने जन्माचा प्रश्न रद्द होतो आणि दुसऱ्याने तोच प्रश्न मागल्या दाराने परत येतो. कर्ण श्रेष्ठ आहे, म्हणून त्याचा जन्मही श्रेष्ठ असला पाहिजे, हे अनुमान जन्मश्रेष्ठत्वाच्या तत्त्वाला धक्का न लावता फक्त एका व्यक्तीला त्यातून सोडवून घेते. दुर्योधनाच्या युक्तिवादातील ही दुहेरी चाल आधुनिक कर्णकथेनेही कशी उचलली, हे पुढे दिसेल.

'सूत' या शब्दाचा अर्थही येथे तपासला पाहिजे. धर्मशास्त्राच्या वर्गीकरणात क्षत्रिय पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची प्रतिलोम संतती म्हणजे सूत. महाभारतात सूत सारथ्य करतात आणि कथा सांगतात. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय सूत आहे. नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना संपूर्ण भारतकथा सांगणारा उग्रश्रवा सौतीही सूतच आहे. ज्या कुळावरून कर्णाची हेटाळणी होते, त्याच कुळाच्या मुखातून ही हेटाळणी आपल्यापर्यंत पोहोचली आहे. तेव्हा सूत हा शब्द सरळ 'अस्पृश्य' या आधुनिक अर्थाने वाचणे इतिहासदृष्ट्या उचित नाही. अर्थात, तसे वाचले गेले हे वास्तव आहे, आणि वाङ्मयीन अभ्यासात त्या वाचनालाही महत्त्व आहे.

कर्णाने स्वतः जन्माच्या प्रश्नाला दिलेले उत्तर उद्योगपर्वात येते. शिष्टाई निष्फळ झाल्यावर कृष्ण त्याला रथात घेतो, त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण सांगतो, की हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. कुंतीने आपल्याला टाकले. अधिरथाने घरी आणले. राधेला वात्सल्याने पान्हा फुटला. तिने आपले मलमूत्र काढले. तिचा पिंड आपण कसा तोडावा, असा त्याचा प्रश्न आहे. अधिरथाने आपले जातकर्म केले, नाव ठेवले, सूतकुळातील मुलींशी विवाह लावून दिले, त्यांच्यापासून आपल्याला मुले-नातवंडे झाली. हे नाते पृथ्वीच्या राज्यासाठी किंवा सोन्याच्या राशींसाठी मोडता येणार नाही. येथे कर्ण जन्मदत्त नात्यापेक्षा संगोपनाने घडलेले नाते श्रेष्ठ मानतो.

ऑटो रँक यांनी १९०९ मध्ये वीरजन्माच्या मिथकांचा जो आराखडा मांडला, त्यात मोझेस, ईडिपस, पर्सियस यांच्याबरोबर कर्णाचाही समावेश आहे. उच्च कुळात जन्म, पाण्यात सोडले जाणे, सामान्यांच्या घरी वाढणे, मूळ कुळाचा शोध लागणे आणि अखेर योग्य स्थानाची प्राप्ती, असा तो क्रम. महाभारतातील कर्ण या क्रमाच्या शेवटच्या पायरीशी थांबतो. योग्य स्थान त्याच्यापुढे ठेवले जाते आणि तो ते नाकारतो. जगातील परित्यक्त वीरांच्या कथांत कर्णकथेचे वेगळेपण या नकारात आहे.

३

मराठीत या पुरुषाला मिळालेली शीर्षके पाहिली तरी या प्रश्नाची वाटचाल लक्षात येते. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक 'कौंतेय' (१९५३) जन्मदात्या आईचे नाव घेते. रणजित देसाईंची कादंबरी 'राधेय' पालनकर्त्या आईचे नाव घेते. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) दोन्ही नावे बाजूला ठेवते. कर्णाला त्याच्या कर्तृत्वाने मिळालेल्या विशेषणाने ओळखावे, ही तिची भूमिका वरवर पाहता सर्वांत आधुनिक वाटते. मात्र शीर्षकाने दिलेले वचन कादंबरीची रचना पाळते काय, हे तपासावे लागते.

'मृत्युंजय'ची रचना सहा निवेदकांच्या आत्मनिवेदनांची आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे ते निवेदक. त्यांपैकी कर्णाकडे चार भाग येतात, इतरांकडे एकेक. अनेक निवेदक योजण्याचे तंत्र सामान्यतः सत्याच्या अनेक बाजू दाखविण्यासाठी वापरले जाते. येथे मात्र निवेदक बदलला तरी दृष्टिकोन फारसा बदलत नाही. सहाही आवाज कमीअधिक प्रमाणात कर्णाच्या तेजाची साक्ष देतात.

कोणाला आवाज मिळाला यापेक्षाही कोणाला मिळाला नाही, ही बाब अधिक सूचक आहे. टाकून देणारी कुंती बोलते. वाढविणारी राधा बोलत नाही. उद्योगपर्वातील कर्ण ज्या स्त्रीसाठी साम्राज्य नाकारतो, ती मराठीतील या सर्वाधिक लोकप्रिय कर्णकथेत निवेदक होत नाही. अधिरथही होत नाही. सूतघराचा प्रतिनिधी म्हणून शोणाला स्थान आहे, पण ते थोरल्या भावावरील भक्तीपुरते. शोण हा खरा सूतपुत्र आहे. त्याच्याजवळ कवचकुंडले नाहीत, सूर्याशी नाते नाही. सूत म्हणून वाट्याला येणारी हेटाळणी त्याच्याही वाट्याला येणारच. परंतु तिच्यासाठी वाचकाचे मन कळवळत नाही. वाचक कळवळतो तो सूर्यपुत्राला सूतपुत्र म्हटले गेले म्हणून. अन्याय कोठे आहे? सूताला हीन मानण्यात, की जो सूत नाही त्याला सूत मानण्यात? कादंबरी पहिल्या प्रश्नाची भाषा बोलते, पण तिची सगळी भावनिक ऊर्जा दुसऱ्या प्रश्नातून येते. दुर्योधनाच्या भाषणातील दुहेरी चाल ती हीच.

या विधानाने 'मृत्युंजय'चे यश नाकारण्याचा हेतू नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सावंतांनी कर्णाला जे आत्मगत दिले, त्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना महाभारताकडे खेचून नेले. वशिल्याने, कुळाने किंवा जातीने मागे ठेवल्या गेलेल्या तरुणाला त्या आत्मगतात स्वतःचा आवाज ऐकू आला. हा अनुभव खोटा नव्हता. प्रश्न आहे तो, त्या तरुणाला कथेने कोणती वाट दाखविली, हा.

४

कर्णकथेची नैतिक परीक्षा द्यूतसभेत होते. द्रौपदी जिंकली गेली आहे काय, या तिच्या प्रश्नाला सभा उत्तर देत नाही. धृतराष्ट्राचा पुत्र विकर्ण उठतो आणि ती जिंकली गेलेली नाही, असे स्पष्ट सांगतो. त्याला गप्प करणारा माणूस कर्ण आहे. पाच पतींची पत्नी म्हणून तो द्रौपदीला कुलटा ठरवितो आणि पांडवांसह तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो. सभापर्वाच्या चिकित्सक आवृत्तीतही हा प्रसंग असाच आहे.

कर्णाच्या लोकप्रिय समर्थनात याचे एक ठराविक उत्तर असते. स्वयंवरात द्रौपदीने 'सूताला वरणार नाही' असे म्हणून त्याचा अपमान केला होता. सभेत त्या जखमेचा उद्रेक झाला. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीचे ते उद्गार मूळ संहितेत घेतलेले नाहीत. हस्तलिखितांच्या तुलनेनंतर ते प्रक्षिप्त ठरले. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली. कादंबरीकाराने चिकित्सक आवृत्तीलाच प्रमाण मानावे असा आग्रह कोणी धरणार नाही. प्रक्षेप हादेखील परंपरेचाच भाग असतो. परंतु प्रक्षेप का निर्माण होतो आणि तो इतका प्रिय का होतो, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. सभेतील कर्णाचे वर्तन परंपरेला सलत असले पाहिजे. त्या वर्तनाला कारण हवे होते, आणि ते कारण पीडित स्त्रीच्याच तोंडी घालण्यात आले. आधुनिक वाचकाने ते आनंदाने स्वीकारले, कारण त्यामुळे आवडत्या नायकाचा अपराध जखमेत रूपांतरित होतो.

१९६७ मध्येच इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी मराठीत कर्णाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेजारी उभ्या राहिल्या, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील अर्थपूर्ण घटना आहे. कर्वे चिकित्सक आवृत्ती हाताशी ठेवून लिहितात. 'मी कोण' हा कर्णाचा प्रश्न त्यांना दिसतो, त्याच्यावरील अन्यायही दिसतो; तरीही त्या त्याच्या वर्तनाची वकिली करीत नाहीत. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण घराघरांत गेला तो 'मृत्युंजय'मधील कर्ण. समाजाने दोहोंपैकी कोणती दृष्टी जवळ केली, यातून त्याची गरज कळते.

'मृत्युंजय'च्या सहा निवेदकांत द्रौपदी नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. ज्या प्रसंगावरून नायकाचा निवाडा व्हायचा, त्या प्रसंगातील फिर्यादीला साक्षच देता येत नाही. विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजविलेल्या 'जांभूळ आख्याना'शी याची तुलना करता येईल. लोकपरंपरेतून आलेल्या त्या आख्यानात द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा निर्माण होते. तीही पुरुषी कल्पना आहे असा आक्षेप घेता येईल. परंतु तेथे निदान द्रौपदीचे मन कथेच्या केंद्रस्थानी आहे आणि ते तिच्या तोंडून उघड होते. नागर कादंबरीपेक्षा लोककथेने तिला अधिक जागा दिली.

याच सभेत विदुरही आहे. तो दासीपुत्र आहे. विचित्रवीर्याच्या क्षेत्रात व्यासांपासून झालेल्या तीन पुत्रांत सर्वांत विवेकी असूनही जन्मामुळे तो सिंहासनाच्या स्पर्धेत कधीच नव्हता. दुर्योधन त्याचा उघड पाणउतारा करतो. जन्माने डावलले जाणे काय असते, हे विदुराला कर्णापेक्षा कमी ठाऊक नसावे. द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर द्या, असे सभेला बजावणारा मात्र विदुर आहे आणि तिची वस्त्रे काढा असे सांगणारा कर्ण आहे. एकाच छताखाली, एकाच प्रकारचा डाग सोसणाऱ्या दोन माणसांना व्यासांनी समोरासमोर उभे केले आहे. अपमान सोसलेला माणूस पुढे कसा वागेल, हे अपमान ठरवीत नाही, असे या रचनेतून सूचित होते. मराठी वाचकाच्या मनात विदुर नायक का झाला नाही, याचे उत्तर बहुधा असे आहे, की विदुराची कथा आपल्याला सांत्वन देत नाही. आपल्यावर अन्याय झाला असला तरी दुसऱ्यावरील अन्यायाच्या वेळी उठून बोलण्याची जबाबदारी टळत नाही, हे ती सांगते.

महाभारतातील कर्णालाही हे उमगले होते. कृष्णाशी झालेल्या त्याच संवादात, दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना जे कटू बोललो त्याचा आज पश्चात्ताप होतो, अशी कबुली तो देतो. त्या कबुलीला कसलेही समर्थन जोडलेले नाही. कर्णाने स्वतःसाठी जे समर्थन मागितले नाही, ते त्याच्या चाहत्यांनी त्याला मिळवून दिले.

५

जन्माचा प्रश्न ग्रंथांपुरता राहिला नाही, याची साक्ष नाशिक देते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी त्याची स्थानिक बाजू सांभाळली. रामकथेच्या भूमीत रामाच्या दारासमोर माणसे उभी होती आणि त्यांचा जन्म विचारून दार बंद ठेवले जात होते. विद्यार्थिदशेतील शिरवाडकरांनी या सत्याग्रहात भाग घेतला होता. पुढे दोन दशकांनी 'कौंतेय' लिहिणाऱ्या लेखकाच्या मागे हा अनुभव होता, हे विसरून चालत नाही. जन्मावरून माणूस नाकारला जाणे त्याने दारात उभे राहून पाहिले होते.

आंबेडकरांनी १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात सत्याग्रह पुढे चालू न ठेवण्याचा सल्ला दिला. मंदिरात शिरणे हे त्यांचे अंतिम साध्य नव्हते. समाजात चेतना निर्माण करण्याचा तो एक मार्ग होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. कर्णकथेच्या संदर्भात या घटनाक्रमाचा अर्थ मोठा आहे. 'माझे खरे कुळ कोणते' हा परित्यक्त वीराचा प्रश्न. येवल्यातील भूमिकेत तो प्रश्नच निकालात निघतो. ज्या व्यवस्थेत कुळ विचारले जाते तिच्यात अधिक वरची जागा मागणे थांबते आणि त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा निर्णय होतो.

नाशिकशी जन्मापासून अखेरपर्यंत नाते असलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये, म्हणजे 'मृत्युंजय'च्या चार वर्षे आधी आला. शीर्षककथेचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवून राहतो. रहस्य फुटते तेव्हा त्याला मारहाण होते. या कथेत आणि कर्णकथेत एक विलक्षण उलटे साम्य आहे. दोन्हींच्या मध्यभागी जन्माचे रहस्य आहे. कर्णाचे रहस्य उघड झाले की तो उंच होतो. मरणोत्तर का होईना, युधिष्ठिर त्याच्यासाठी शोक करतो. बागुलांच्या निवेदकाचे रहस्य उघड झाले की कालपर्यंत आदर देणारे हात त्याच्यावर उगारले जातात. त्याच्याजवळ कवचकुंडले नाहीत. तो शोणाच्या बाजूचा माणूस आहे. आपल्या काळातील बहुसंख्य वंचितांची कथा कोणत्या रहस्याच्या जातीची आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही विस्तृत वाचकवर्गाने आपले दुःख व्यक्त करण्यासाठी पहिल्या रहस्याचा नायक निवडला. आपण मुळात थोर आहोत आणि जगाला ते अद्याप कळलेले नाही, ही कल्पना सुखद असते. आपल्याला थोर ठरविणारे कोणतेही कुळ नसताना माणूस म्हणून उभे राहणे अवघड असते.

६

या विवेचनातून कर्णाला नायकपदावरून उतरविण्याचा निष्कर्ष काढू नये. कोणता कर्ण नायक, हे ठरविण्याचा आग्रह मात्र धरला पाहिजे. महाभारताने दोन कर्ण दिले आहेत. एक सभेतला : अपमानाची आठवण उराशी धरून स्वतःहून दुबळ्या स्थितीतील स्त्रीवर तुटून पडणारा, सत्ताधाऱ्याच्या मर्जीसाठी बोलणारा. दुसरा उद्योगपर्वातला : राधेच्या कष्टांना साम्राज्यापेक्षा मोलाचे मानणारा आणि आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप करणारा. लोकप्रिय मराठी कर्णकथेने पहिल्याला निर्दोष ठरविण्यात इतकी शक्ती खर्च केली, की दुसऱ्याच्या नकाराचे क्रांतिकारकत्व तिच्या हातून निसटले.

याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात आज जवळजवळ प्रत्येक समूहाजवळ स्वतःच्या अपमानाची एक कथा आहे आणि त्या कथेच्या आधारे दुसऱ्याच्या अपमानाचे समर्थन केले जाते. कर्णाच्या नावाने अश्रू ढाळणारा वाचक सभेतील द्रौपदीकडे पाठ फिरवू शकतो, कारण ज्या कथनाने त्याला रडविले, त्याच कथनाने पाठ कशी फिरवावी हेही शिकविले आहे. सहानुभूती हे मोठे वाङ्मयीन मूल्य आहे. परंतु एका पात्राविषयीची सहानुभूती दुसऱ्या पात्राची साक्ष बंद करून मिळविली असेल, तर तिची किंमत तपासावी लागते.

म्हणून महाभारताधिष्ठित साहित्याच्या अभ्यासकाने कर्णाविषयी विचारावयाचा प्रश्न बदलला पाहिजे. कर्णाला काय मिळाले नाही, याची मोजदाद आपण पुष्कळ केली. अंगदेशाचे राज्य, राजाची मैत्री आणि सभेतील शब्दाचे वजन हे सर्व मिळाल्यावर त्याने त्याचे काय केले, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. तो विचारताना राधा, शोण आणि द्रौपदी यांना निवेदक केले, तर कर्णकथा कशी दिसेल? मराठीत ती कादंबरी लिहिली जाईपर्यंत उद्योगपर्वातील तो संवाद वर्गात मूळ संहितेसह वाचणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.